पाठीचं ऑपरेशन : आधी कारण, मग सर्जन

‘मणक्याच्या ऑपरेशनसाठी एखादा चांगला सर्जन सांगा,’ अशी विनंती माझ्याकडे सतत येते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन टळावं म्हणून धडपडणारी माणसं माझ्याकडे येतात आणि ऑपरेशन झाल्यावर पुन्हा नीट चालायला शिकणारीही येतात. सर्जनला सांगायला संकोच वाटतो अशा गोष्टी ती व्यायाम करता करता मला सांगतात. इतक्या वर्षांत त्यांचे जे अनुभव ऐकले, त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. सर्जन शोधण्याआधी आपलं ऑपरेशन नेमकं कशासाठी आहे, हे आपल्याला कळलं पाहिजे. ते कळलं तर सर्जन निवडणं सोपं जातं. ते कळलं नाही, तर नामांकित सर्जनच्या हातूनही समाधान मिळेलच असं नाही.

उदाहरण देते. एक एस.टी. चालक माझ्याकडे येत असत. कमरेपासून घोट्यापर्यंत डाव्या पायात अशी कळ यायची की क्लच दाबताना डोळ्यांत पाणी उभं राही. दोन महिने औषधं, विश्रांती, व्यायाम सगळं झालं. पुढे पायातली ताकद कमी होऊ लागली, तेव्हा ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी वॉर्डात उभे राहिले आणि म्हणाले, ‘पायातला विंचू गेला.’ दुसऱ्या एक बँकेत नोकरी करणाऱ्या बाई. त्यांची फक्त कंबर दुखायची, पायात काही नाही. एमआरआयमध्ये दोन गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि स्क्रू घालून मणके जोडण्याचं ऑपरेशन झालं. एक्स-रेमध्ये सगळं जागच्या जागी आहे, पण वर्ष उलटलं तरी कंबर दुखतेच आहे. दोघांचं हॉस्पिटल एकच, सर्जनही एकच. फरक होता तो कारणाचा.

हा फरक समजण्यासाठी पाठीची रचना थोडी पाहू. आपला पाठीचा कणा ३३ मणक्यांचा. मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५ आणि त्याखाली एकमेकांना जुळलेले माकडहाडापर्यंतचे ९. मानेपासून कमरेपर्यंतच्या बहुतेक मणक्यांमध्ये एकेक गादी असते, तिला डॉक्टर डिस्क म्हणतात. गादीचं बाहेरचं कडं चिवट आणि आतला गाभा मऊ असतो. कडं फाटलं की गाभा बाहेर येतो आणि शेजारून जाणारी नस दाबली जाते. कमरेतली नस पायात जाते, म्हणून दुखणं कमरेत आणि कळ पायात, असा प्रकार होतो. हाच सायटिका. सरकलेल्या गादीचा आणि या कळेचा संबंध अमेरिकेतल्या बोस्टन शहरातले विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या दोन सर्जननी १९३४ साली स्पष्टपणे मांडला आणि तेव्हापासून गादीच्या ऑपरेशनचं युग सुरू झालं.

दाबलेली नस मोकळी करणं हे सर्जनचं खरं बलस्थान. त्यामुळे पायात जाणारी कळ ऑपरेशनने जितक्या खात्रीने कमी होते, तितक्या खात्रीने नुसती कंबरदुखी कमी होत नाही. कंबरदुखीला स्नायू, सांधे, वजन, बसण्याची सवय, अपुरी झोप, मनावरचा ताण अशी अनेक कारणं असतात आणि ती एमआरआयमध्ये दिसत नाहीत.

आता त्या एमआरआयविषयी. आपल्याकडे ‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. खरं तर दोन मणक्यांमध्ये जागा असायलाच हवी. वय वाढतं तशी गादी सुकते आणि ती जागा उलट कमी होते. केस पिकतात तशीच ही गोष्ट. १९९४ साली अमेरिकेत पाठीचं कसलंही दुखणं नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले गेले. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली आणि साधारण चौथ्या हिश्शाच्या माणसांची गादी बऱ्यापैकी बाहेर आलेली दिसली. ही सगळी माणसं ठणठणीत होती! म्हणून रिपोर्टमधले मोठमोठे शब्द वाचून घाबरू नये. चित्रात दिसणारी जागा, आपल्याला होणारा त्रास आणि डॉक्टरांनी तपासल्यावर सापडणारी खूण या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळल्या, तरच त्या चित्राला अर्थ.

मग ऑपरेशन कधी करावं? काही वेळा अजिबात थांबू नये. लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, बसण्याची जागा बधिर झाली, तर ती रात्र घरी काढू नका. अशा वेळी तासांचा हिशेब असतो. पायाची ताकद कमी होणं हीसुद्धा गंभीर खूण आहे. चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही, पाऊल वर उचलत नाही, टाचेवर चालता येत नाही, अशी लक्षणं असतील तर लवकर दाखवा. मानेतला मज्जारज्जू दाबला जात असेल, तर शर्टाची बटणं लावणं, सुईत दोरा ओवणं जमेनासं होतं आणि चालताना तोल जातो. इथे दुखणं फारसं नसतं, म्हणून लोक दुर्लक्ष करतात आणि उशीर होतो. गेलेली ताकद उशिरा ऑपरेशन केल्यावर पूर्ण परत येईलच असं नाही.

उतारवयात आणखी एक प्रकार दिसतो. थोडं चाललं की दोन्ही पाय जड होतात, गोळे येतात. वाकून उभं राहिलं किंवा ओट्यावर टेकलं की बरं वाटतं. मंडईत पिशवी घेऊन दहा पावलंही चालवत नाहीत, पण सायकल मात्र आरामात चालवता येते. नसांचा मार्ग अरुंद झाल्याची ही खूण. औषध आणि व्यायामाने भागलं नाही, तर मार्ग रुंद करण्याच्या ऑपरेशनने अशा माणसांचं फिरणं परत मिळू शकतं. मणक्याच्या क्षयाचंही इथे सांगायला हवं. आपल्याकडे तो आजही आढळतो. संध्याकाळचा ताप, वजन घटणं आणि रात्रीही न थांबणारी पाठदुखी असेल, तर तपासणी लांबवू नका. त्यावर मुख्य उपचार औषधांचाच आहे. नस दबली असेल किंवा कणा वाकत असेल, तरच ऑपरेशन लागतं.

नुसता सायटिका असेल, ताकद शाबूत असेल, तर मात्र थांबायला वेळ असतो. नेदरलँड्समध्ये दीड ते तीन महिने तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांचा एक अभ्यास झाला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांचं ऑपरेशन लवकर केलं, उरलेल्यांना औषधोपचारावर ठेवलं आणि गरज पडली तरच ऑपरेशन केलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली. वर्षअखेर मात्र दोन्ही गटांतले शंभरातले ९५ जण बरे होते. थांबलेल्या गटातल्या साधारण ४० टक्के लोकांना वर्षभरात ऑपरेशन करावं लागलं, बाकीच्यांचं त्यावाचून भागलं. याचा अर्थ असा, की अशा रुग्णापुढे खरीखुरी निवड असते. कळ सहन होत नसेल, रोजगार बुडत असेल, तर लवकर ऑपरेशन करण्यात काही चूक नाही. थांबणं शक्य असेल, तर थांबण्यातही भित्रेपणा नाही.

आता सर्जनकडे वळू. मणक्याचं ऑपरेशन अस्थिरोगतज्ज्ञही करतात आणि न्यूरोसर्जनही करतात. ‘दोघांत कोण बरा?’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. त्यांनी मणक्याच्या कामाचं खास प्रशिक्षण घेतलं आहे का आणि हे काम ते नियमित करतात का, हे महत्त्वाचं. पहिल्या भेटीत एक गोष्ट नीट पाहा. सर्जनने तुम्हाला तपासलं का? पाय सरळ उचलून पाहिला, ताकद पाहिली, संवेदना पाहिली, चालायला लावलं, की फक्त फिल्म प्रकाशाला धरून तारीख दिली?

मग शांतपणे हे प्रश्न विचारा. या ऑपरेशनने माझा कोणता त्रास जाईल आणि कोणता राहील? आणखी सहा आठवडे थांबलो तर काय बिघडेल? दुसरा कोणता उपाय उरला आहे का? नुसती नस मोकळी करून भागेल, की स्क्रू घालावे लागतील? लागणार असतील तर का? असं ऑपरेशन आपण किती वेळा करता आणि माझं स्वतः आपणच करणार ना? जंतुसंसर्ग, नसेला इजा, पुन्हा गादी सरकणं यांतलं काय होऊ शकतं आणि झालं तर आपण काय कराल? स्क्रूंसकट एकूण खर्च किती? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा माझ्या विम्यात हे बसतं का?

आपल्याकडे डॉक्टरांना असं विचारणं उद्धटपणाचं वाटतं. तसं ते नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं आहे, की उपचाराचं स्वरूप, त्याचा फायदा, पर्याय, मोठे धोके आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम हे सांगूनच रुग्णाची संमती घेतली पाहिजे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आपले रिपोर्ट मिळवण्याचा आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क नमूद आहे. दुसरं मत शक्यतो वेगळ्या हॉस्पिटलमध्ये घ्या. चांगला सर्जन त्यावर रागावत नाही. ‘शंभर टक्के गॅरंटी’ देणारा, प्रश्नांनी वैतागणारा, तातडीचं कारण नसताना ‘उद्याच करून टाकू’ म्हणणारा असेल, तर सावध राहा. ‘दुर्बिणीतून’, ‘लेझरने’, ‘बिनटाक्याचं’ या शब्दांनीही भुलू नका. छेद लहान असणं चांगलंच, पण त्याने ऑपरेशनची गरज सिद्ध होत नाही.

‘आधी ऑपरेशन झालेल्या कुणाशी तरी बोलून बघा,’ असं सगळे सांगतात. जरूर बोला, पण ऐकताना थोडं तारतम्य ठेवा. पूर्वी कमरेत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची पद्धत होती. उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआपच उतरते, श्रेय मात्र लाथेला मिळत राहिलं. ऑपरेशनचे अनुभवही असेच फसवे असू शकतात. समोरच्याला विचारा : आधी तुमची कंबर दुखत होती की पाय? कोणतं ऑपरेशन झालं? होऊन किती दिवस झाले? महिन्याभराचा अनुभव आणि दोन वर्षांचा अनुभव यांत फार अंतर असतं. क्रिकेटपटू जसप्रीत बुमराच्या पाठीचं ऑपरेशन मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये झालं आणि ऑगस्टमध्ये तो आयर्लंडविरुद्ध गोलंदाजी करत होता. ‘तो पाच महिन्यांत धावला, मग माझं काय?’ असं पन्नाशीतले गृहस्थ मला विचारतात. वेगवान गोलंदाजाच्या पाठीवर पडणारा ताण वेगळा, त्याचं वय वेगळं, दिमतीला असलेली माणसंही वेगळी. तुलना आपल्यासारख्याच दुखण्याशी करावी.

ऑपरेशननंतर काय होतं, हेही आधीच माहीत असलेलं बरं. नस मोकळी झाली की बहुतेकांची कळ आधी जाते, ताकद हळूहळू येते आणि बधिरपणा सर्वांत शेवटी जातो. कधी कधी तो थोडा उरतोही. हे ठाऊक नसलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात ‘अंगठा अजून बधिर आहे, ऑपरेशन फसलं’ म्हणून रडवेला होतो. गादीच्या साध्या ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत चालवतात. महिनोन्महिने अंथरुणावर पडून राहण्याचा काळ गेला. काही रुग्णांमध्ये त्याच जागी गादी पुन्हा सरकते, म्हणून व्यायाम सोडून चालत नाही. पट्टा डॉक्टर सांगतील तेवढे दिवसच लावावा, जन्माचा सोबती करू नये. मणके जोडण्याचं ऑपरेशन असेल, तर विडी, सिगारेट, तंबाखू आणि मिश्रीसुद्धा बंद करायला हवी. निकोटिनमुळे हाड जुळायला अडथळा येतो. मिश्री लावणाऱ्या आजी हे डॉक्टरांना आपणहून सांगत नाहीत, तेव्हा घरच्यांनी सांगावं.

शेवटी एक साधी युक्ती सांगते. ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी एका कागदावर एकच वाक्य लिहा : ‘हे ऑपरेशन माझा अमुक त्रास कमी करण्यासाठी आहे.’ तेच वाक्य सर्जनना त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. सोबत घरचं एखादं शांत डोक्याचं माणूस असू द्या, कारण घाबरलेल्या माणसाला निम्मं ऐकूच येत नाही. तुमचं वाक्य आणि सर्जनचं वाक्य जुळलं, तर निर्धास्तपणे पुढे जा. जुळलं नाही, तर सही करण्याआधी पुन्हा एकदा विचारा.