ट्रॅक्टरच्या रेडिएटरात बोअरचे पाणी नको

पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर गरम होऊ लागतो आणि मिस्त्री शोधत तालुक्याला फेऱ्या सुरू होतात. वाफसा काही कुणासाठी थांबत नाही. पुष्कळदा दोष रोज सकाळी ओतलेल्या बादलीभर बोअरच्या पाण्याचा असतो. बंबात जो पांढरा थर धरतो, तोच क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. त्यात गंज मिसळला की पाणी नीट फिरत नाही, इंजिन तापते आणि शेवटी हेडचे गॅस्केट जाते.

शेतकरी बंधूंनो, हे काम घरी करता येते. आधी रेडिएटरच्या जाळीत मळणीचे भुसकट अडकलेय का ते पाहा. असल्यास इंजिनाच्या बाजूने बाहेर हवा मारून काढा.

गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते, झाकण सैल होताच तोंडावर उडते. रात्रभर उभा असलेला ट्रॅक्टर सकाळी सपाट जागी घ्या. झाकण काढा, खालची तोटी सोडा, इंजिन ब्लॉकला वेगळा बोल्ट असेल तर तोही. पाणी घमेल्यात धरा. तोटी बंद करून स्वच्छ पाणी भरा, वरचा होज पाइप तापेपर्यंत इंजिन चालवा, पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा सोडा. नितळ पाणी येईपर्यंत हेच करायचे. एक दिवस जातो, जाऊ द्या. धुण्याचा सोडा घालायची जुनी पद्धत ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला चालत नाही, सोडा धातू खातो.

आता भरणी. 'आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, कूलंट कशाला?' असे बरेचजण म्हणतात. कूलंट गंज रोखतो आणि निम्मे पाणी, निम्मा कूलंट असे मिश्रण १०० ऐवजी सुमारे १०६ अंशांना उकळते. धुतल्यावर थोडे पाणी आत उरतेच, म्हणून पुस्तिकेतील एकूण मापाच्या निम्मा कूलंट आधी ओता, मग बॅटरीचे डिस्टिल्ड पाणी. तयार मिश्रणाचा डबा असेल तर त्यात पाणी घालू नका. झाकण न लावता इंजिन थोडा वेळ चालवा. बुडबुडे थांबले की पातळी पुरी करा.

जुना कूलंट गोठ्याजवळ किंवा ओढ्यात टाकू नका. चवीला गोड असल्याने कुत्री, वासरे तो चाटतात, आणि ते विष आहे. कॅनमध्ये भरून वर्कशॉपला द्या. ग्रामपंचायतीच्या टँकरचा ट्रॅक्टर धुतानाही ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एवढे पाहावे.

गरम होतो म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणारे मिस्त्री आहेत. तसे करू देऊ नका. इंजिन थंड राहून डिझेल जास्त जाते, झीजही वाढते.

दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पातळी बघा. गळती दिसत नसताना पाणी रोज कमी होत असेल, किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर ट्रॅक्टर चालू न करता मिस्त्रीला शेतावरच बोलवा.