जादूच्या राज्यात भाकरी कोण थापतं?

कर्जाचे हप्ते, गटाचं दप्तर, शेळ्यांची लस हे आपण नेहमीच बोलतो. आज पुस्तकांवर बोलू. आमच्या गटांमध्ये मासिक बैठक उरकली की अर्धा तास थांबून वाचायचं ठरलं आहे. एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, हात रिकामे नको असतील तर शेंगा फोडायच्या. पावसाळ्यापासून आम्ही वाचल्या त्या सगळ्या न घडलेल्या, कल्पनेच्या राज्यातल्या गोष्टी. "ही पोराटोरांची पुस्तकं बायका कशाला वाचतायत?" असं दोन-चार घरांतून विचारणंही झालं.

यात दोन प्रकार आहेत. अद्भुतकथेत मंत्र म्हटला की दार उघडतं. का उघडलं ते विचारायचं नसतं. विज्ञानकथेत मात्र विचारता येतं. आज ठाऊक असलेल्या विज्ञानाचा धागा धरून लेखक पुढे जातो आणि "असं झालं तर?" ते रंगवून सांगतो. दोन्हींत लेखकाला मुभा एकच, जग हवं तसं नव्याने मांडायची. माणूस उडेल, मेलेला बोलेल, काहीही. म्हणून आम्ही प्रत्येक पुस्तकाला एकच प्रश्न विचारत गेलो. एवढं सगळं बदललं, तर या राज्यात स्वयंपाक कोण करतं आणि भांडी कोण घासतं?

हॅरी पॉटरची पुस्तकं पोरांना माहीत असतात, मराठीतही आली आहेत. जे. के. रोलिंग या बाईंनी लिहिली, पहिलं आलं १९९७ मध्ये. जादूच्या शाळेत मुलं जेवायला बसतात आणि सोन्याच्या ताटांत जेवण आपोआप येतं. आमच्या एक मावशी तिथेच म्हणाल्या, "आपोआप काही येत नसतं." मावशींचं खरं निघालं. चौथ्या पुस्तकात कळतं की जेवणघराच्या खाली मोठं स्वयंपाकघर आहे आणि तिथे शंभरावर बुटके जीव राबतात. पगार नाही, सुट्टी नाही. हर्मायनी नावाची मुलगी त्यांच्या हक्कासाठी चळवळ काढते, तर तिचे मित्रच हसतात. त्या बुटक्यांना काम आवडतं, असं तिला सांगितलं जातं. हे वाक्य आल्यावर बैठकीत बराच गोंधळ झाला, कारण ते प्रत्येकीने आपापल्या घरी ऐकलेलं होतं. आमचं मत असं, की लेखिकेने दुखरी नस बरोबर पकडली, पण तिथे बराचसा विनोद करून पुढे निघून गेली. बाकी पुस्तकं गुंगवून ठेवतात, यात शंका नाही.

आम्हाला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका छोट्या गोष्टीने. तिचं नाव 'सुलतानाज ड्रीम', म्हणजे सुलतानाचं स्वप्न. लिहिणारी रुकैया सखावत हुसेन. १८८० साली तिचा जन्म रंगपूर भागातल्या पैराबंद गावी झाला, ते आता बांगलादेशात आहे. घरात कडक पडदा. मुलींनी बंगाली आणि इंग्रजी शिकू नये असा बापाचा दंडक. थोरल्या भावाने रात्री घर झोपल्यावर तिला शिकवलं. पुढे नवराही वाचनाला उत्तेजन देणारा मिळाला. त्याच चोरून शिकलेल्या इंग्रजीत तिने ही गोष्ट लिहिली आणि १९०५ मध्ये ती मद्रासच्या बायकांसाठी निघणाऱ्या एका इंग्रजी मासिकात छापून आली. आम्ही ती एकेक परिच्छेद मराठीत सांगत सांगत वाचली.

गोष्टीत सुलताना खुर्चीत बसल्या बसल्या पेंगते आणि एका परक्या देशात पोचते. तिथे रस्त्यावर सगळ्या बायकाच. पुरुष घरात, म्हणजे जनान्याऐवजी मर्दान्यात, मुलं सांभाळतात, स्वयंपाक करतात. सुलताना बुजते, तर लोक म्हणतात ही पुरुषासारखी लाजाळू आहे. इथे आमच्या हसण्याने वर्गखोली दणाणली.

पण ती नुसती थट्टा नाही. राज्य असं उलटं कसं झालं, ते रुकैया नीट सांगते. राणीने मुलींना शिकवायचा कायदा केला आणि एकवीस वर्षांच्या आत लग्न बंद केलं. बायकांची दोन विद्यापीठं उभी राहिली. एकीने ढगांतून पाणी ओढणारा फुगा केला, म्हणजे अवकाळीही नाही आणि दुष्काळही नाही. दुसरीने सूर्याची उष्णता साठवायचं यंत्र केलं. पुरुष तेव्हा फौज वाढवण्यात दंग होते, त्यांनी या शोधांना हसून सोडलं. पुढे शेजारच्या राजाने चाल केली, फौज हरत आली, तेव्हा विद्यापीठातल्या मुलींनी तीच साठवलेली उष्णता शत्रूवर सोडली आणि त्याला पळवून लावलं. मुलींची अट एवढीच होती, की आधी पुरुषांनी आत जाऊन बसावं. ते बसले ते बसलेच.

त्या देशातलं स्वयंपाकघर भाजीच्या बागेत आहे. धूर नाही, कोळसा नाही, चूल नाही, उन्हावर अन्न शिजतं. चुलीपुढे डोळे चोळत वय गेलेल्या बायकांनी हा भाग पुन्हा वाचायला लावला. सौर चूल आज आपल्याला नवी नाही. काळं भांडं, वर काच, बाजूला आरसा. आणि शिर्डीच्या प्रसादालयात तर आरशांच्या मोठ्या तबकड्यांनी वाफ करून हजारोंचा स्वयंपाक होतो. पण १९०५ मध्ये, पडद्याआडून, हे सुचणं म्हणजे काय, याचा विचार करा.

आमचं सगळं पटलं असं नाही. पुरुषांना कोंडून न्याय होतो का, यावर दोन तट पडले. एक सून म्हणाली, कोंडणं वाईट ते कुणालाही वाईट. दुसरीचं म्हणणं, उलटं करून दाखवल्याशिवाय आपलं कोंडणं दिसतच नाही. आम्हाला दुसरीचं जास्त पटतं. कारण आकडे तेच सांगतात. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७ मिनिटं, आणि मुळात घरकाम करणारे पुरुष चारांत एखादाच. रुकैयाच्या देशात बायका कचेरीचं काम दोन तासांत उरकतात. पुरुष सात तास बसायचे, पण त्यातला बराच वेळ चिरूट ओढण्यात जायचा. यावर आमच्याकडे टिप्पणीची गरज पडली नाही.

रुकैया फक्त स्वप्नं लिहीत बसली नाही, हेही सांगायला हवं. नवरा वारल्यावर तिने मुलींची शाळा काढली आणि १९११ मध्ये ती कोलकात्याला नेली. सुरुवातीला मुली आठ. पडद्याच्या गाडीतून त्यांना आणावं लागे.

शेवटी आपल्या मराठीकडे येऊ. जयंत नारळीकर मोठे शास्त्रज्ञ. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी नाव बदलून कथा पाठवली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी ती स्वतःच्या हाताने उतरवून दिली. मंगलाताई स्वतः गणिती होत्या. ती कथा पहिली आली.

नारळीकरांची 'धूमकेतू' आम्ही वाचली. दत्तदा नावाच्या हौशी गृहस्थांना नवा धूमकेतू सापडतो, आणि तो पृथ्वीवर आदळणार असं गणित निघतं. शास्त्रज्ञ गुपचूप यान पाठवून त्याची वाट वळवतात. इकडे दत्तदांची बायको इंद्राणी शांतीचा यज्ञ घालते आणि संकट टळलं ते यज्ञामुळे असं मानते. कल्पना पक्की आहे. अमेरिकेच्या नासाने २०२२ मध्ये 'डार्ट' यान एका छोट्या लघुग्रहावर आदळवून त्याची फेरी अर्ध्या तासाने कमी करून दाखवली. लिखाणही सोपं, कुठे अडत नाही. तक्रार एकच. दुर्बीण सगळी पुरुषांकडे आणि अंधश्रद्धा तेवढी बाईच्या पदरात. आमच्या गावात अंगारे-धुपारे करणाऱ्यांत पुरुष काही कमी नाहीत.

नारळीकरांचे कथासंग्रह तालुक्याच्या वाचनालयात मिळतात, गावात 'ड' वर्गाचं वाचनालय असेल तर तिथेही विचारा. पुढच्या बैठकीला आम्ही त्यांचीच 'उजव्या सोंडेचा गणपती' घेणार आहोत. शेंगा तेवढ्या घरून आणायच्या.