घरातली टांकसाळ

२०२१च्या जुलै महिन्यात माझा भाचा एक शंभर पानी वही घेऊन घरी आला. वहीच्या पहिल्या पानावर सुट्या भागांची यादी होती आणि तळाला बेरीज : दोन लाख पस्तीस हजार. "मामा, बाकी जमलंय. तुमच्याकडून चाळीस लागतील. वर्षात परत करतो."

बाकी कसे जमले हे मला ठाऊक होते. दाजींचे लिंबायतला भाड्याच्या खात्यात आठ माग होते. २०२०च्या टाळेबंदीत कारीगर गावी गेले, त्यांतले निम्मेच परतले आणि चार जुने माग भंगारच्या भावाने गेले. ताईने ते पैसे मुलाच्या शिक्षणासाठी म्हणून बाजूला ठेवले होते. तेच आता सहा ग्राफिक्स कार्डांत जाणार होते. मी संतसाहित्य शिकवणारा माणूस. मला त्या यादीतला 'लाकडी फ्रेम' एवढा एकच शब्द समजला. म्हणून पैसे देण्याआधी मी त्याला समोर बसवले आणि म्हटले, "मला समजेपर्यंत सांग." त्या चार संध्याकाळी आणि पुढच्या सव्वा वर्षात जे समजले, ते इथे मांडत आहे. सुरतेतल्या आमच्या मराठी मुलांमध्ये हा विषय अजूनही निघतो आणि त्यावर मराठीत जे बोलले जाते ते एकतर जाहिरात असते किंवा शिवी.

कूटचलनाचा गाभा म्हणजे एक सार्वजनिक खतावणी. कोणी कोणाला किती दिले याची नोंद एका पेढीच्या वहीत न राहता जगभरच्या हजारो संगणकांवर एकसारखी असते. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ला खतावणीचे पहिले पान तयार झाले. मुनीमच नसेल तर पुढचे पान लिहायचे कोणी, हा खरा प्रश्न होता. उत्तर असे काढले की जो एक विशिष्ट कोडे आधी सोडवील त्याने पान लिहावे आणि त्याबद्दल नवी नाणी घ्यावीत.

हे कोडे समजून घेण्यासारखे आहे. कोणताही मजकूर एका ठरलेल्या गणिती प्रक्रियेतून काढला की ६४ अक्षर-अंकांची एक ओळ मिळते. तिला हॅश म्हणतात. मजकुरात एक काना बदला, सगळी ओळ बदलते. आणि कशी बदलेल हे आधी सांगता येत नाही. पान लिहू पाहणारा संगणक मजकुराच्या शेवटी एक आकडा जोडतो आणि हॅश काढतो. ओळीच्या सुरुवातीला पुरेशी शून्ये आली नाहीत तर आकडा बदलून पुन्हा. असे सेकंदाला कोट्यवधी वेळा. शब्दकोड्यासारखेच हे : सोडवायला तास लागतो, बरोबर आहे का ते बघायला क्षण. फरक इतकाच की शब्दकोड्यात डोके लागते आणि इथे ते अजिबात लागत नाही, नुसती वीज लागते. जगभरचे संगणक वाढले की कोडे आपोआप अवघड होते. बिटकॉइनमध्ये दर २०१६ पानांनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, त्याची काठिण्यपातळी नव्याने ठरते. त्यामुळे कितीही यंत्रे आली तरी सरासरी दहा मिनिटांना एकच पान लिहिले जाते.

या कामाला इंग्रजीवरून 'मायनिंग' म्हणतात आणि मराठी वर्तमानपत्रे त्याचे 'खाणकाम' किंवा 'उत्खनन' करतात. मला दोन्ही शब्द खटकतात. खाणीत वस्तू आधीपासून असते. इथे ती घडवली जाते. सुरतेत बसून विचार केला की जवळचा शब्द आठवतो तो टांकसाळ. संस्कृत टंकशालेपासून आलेला. मराठी विद्यार्थ्याला सुरत ठाऊक असते ती १६६४ आणि १६७०च्या लुटीमुळे. पण लुटण्याइतके इथे होते काय, हे क्वचितच सांगितले जाते. मुघल काळात इथल्या टांकसाळीत युरोपीय जहाजांनी आणलेली चांदी वितळवून रुपये पाडले जात. चांदी कोणाही व्यापाऱ्याने आणावी, ठरलेले शुल्क द्यावे आणि नाणी न्यावीत. चालू वर्षाच्या ताज्या रुपयाला भाव जास्त आणि जुन्या सालाच्या रुपयाला सराफाचा बट्टा. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, "मामा, इथे नाण्याला नाही, यंत्राला बट्टा लागतो." ते वाक्य त्याने सहज म्हटले होते. पुढे ते फार खरे ठरले.

बिटकॉइनची नाणी सुरुवातीला साध्या घरगुती संगणकावर पाडता येत होती. मग लोकांच्या लक्षात आले की एकच साधे गणित पुन्हा पुन्हा करायला मुख्य प्रोसेसरपेक्षा खेळांसाठीचे ग्राफिक्स कार्ड बरे. २०१३च्या सुमारास फक्त हेच एक काम करणारी खास यंत्रे बाजारात आली आणि बिटकॉइनपुरता घरचा संगणक संपला. जुलै २०१५मध्ये सुरू झालेल्या इथेरियमचे कोडे मात्र मुद्दाम असे रचले होते की त्याला मोठी आणि वेगवान स्मृती लागावी. त्यामुळे तिथे ग्राफिक्स कार्डाचे राज्य टिकले. भाच्याची वही इथेरियमची होती.

आता ती यादी. सर्वांत खर्चीक गोष्ट सहा वापरलेली कार्डे, आरएक्स ५८०, प्रत्येकी ८ जीबी स्मृतीची. ३२ हजारांना एक, म्हणजे एक लाख ब्याण्णव हजार. ४ जीबीची कार्डे बरीच स्वस्त होती, पण ती घेऊन उपयोग नव्हता : इथेरियमच्या कोड्याला लागणारी माहितीची फाइल हळूहळू फुगत जाते आणि डिसेंबर २०२०मध्ये ती ४ जीबीच्या बाहेर गेली. हे ठाऊक नसलेल्यांना ती कार्डे 'ऑफर'मध्ये विकली जात होती. बाकी सगळे भाग हलके चालतात. सहा खाचांचा मदरबोर्ड नऊ हजार, सर्वांत स्वस्त प्रोसेसर चार हजार, ८ जीबी रॅम तीन हजार, छोटी एसएसडी दीड हजार. कार्डे मदरबोर्डवर दाटीने बसवली तर तापून मरतात, म्हणून प्रत्येकाला रायझर नावाची केबल लावून ती वर फ्रेमवर टांगायची. सहा रायझर तीन हजार सहाशे. फ्रेम, दोन पंखे, वायरिंग आणि स्वतंत्र एमसीबी मिळून सहा हजार नऊशे.

उरले पंधरा हजार, आणि ते एसएमपीएसचे. वीजपुरवठा करणाऱ्या या डब्यावर भाच्याने एक पैसा वाचवला नाही, याचे श्रेय दाजींना. मागाची मोटर जळते ती पुरवठ्यात काटकसर केल्याने, हे त्यांना तीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. १,००० वॅटचा चांगला डबा घेतला. कार्ड मूळ स्थितीत १८५ वॅटपर्यंत खाते. व्होल्टेज आणि वेग खाली आणून, स्मृतीचा वेग वर नेऊन ते १२०-१३० वॅटवर आणले. हे ट्यूनिंग हाच या धंद्यातला एकमेव कौशल्याचा भाग. भाचा त्यात आठवडाभर रात्री जागला आणि खरे सांगायचे तर त्याला मी इतका एकाग्र पूर्वी कधी पाहिला नव्हता. एक कार्ड मात्र दुरुस्त केलेले निघाले. विकणाऱ्याने फोन उचलणे बंद केले. तीन हजार देऊन ते पुन्हा उभे केले. (वहीत हा खर्च नाही.)

सगळे मिळून भिंतीतून साधारण ८३० वॅट ओढले जात. दिवसाला वीस युनिट. पण विजेच्या बिलाइतकीच महत्त्वाची गोष्ट लोक विसरतात : ओढलेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते. नाणे पाडले म्हणून त्यातली काही उष्णता कमी होत नाही. म्हणजे आठशे वॅटचा हीटर सुरतेच्या दमट उन्हाळ्यात चोवीस तास घरात चालू. यंत्र माळ्यावर होते, खाली दाजींच्या आई झोपत. २०२२च्या मे महिन्यात एका दुपारी ताईला जळका वास आला. तिने कोणालाही न विचारता मेन स्विच पाडला, म्हणून पुढचे टळले. एका रायझरला वीज देण्यासाठी हार्ड डिस्कची साटा जोडणी वापरली होती. ती जोडणी ५४ वॅटपर्यंतची असते आणि रायझरमधून कार्ड ७५ वॅटपर्यंत मागू शकते. प्लास्टिक वितळून पिन चिकटल्या होत्या. दोनशे रुपयांच्या बरोबर केबलने हे होणार नव्हते. कोणी हे यंत्र बांधणारच असेल तर रायझरला सहा पिनी जोडणीच द्यावी, अर्थिंग तपासावे आणि माळा हा माळाच राहू द्यावा.

कमाई एकट्याने होत नाही. सहा कार्डांच्या यंत्राला स्वतःहून कोडे सुटायला वर्षे लागतील. म्हणून हजारो लोक पूलमध्ये सामील होतात, ज्याने जितके आकडे तपासले तितका त्याचा वाटा. आमच्याकडच्या जॉबवर्कसारखेच : सूत शेठचे, कापड शेठचे, तुम्हाला मीटरमागे पैसे.

पहिले पाच महिने सोन्याचे गेले. १ ऑगस्टला यंत्र सुरू झाले आणि डिसेंबरपर्यंत दिवसाला सरासरी नऊशे रुपये येत होते, त्यातले वीजबिलाचे एकशे साठ. ताईच्या घरी दिवाळी जोरात झाली. दाजी उरलेले चार मागही विकण्याच्या गोष्टी करू लागले. मी गप्प बसलो, ही माझी चूक. कारण वहीतल्या हिशेबात एक गृहीत धरलेली गोष्ट होती जी तोपर्यंत मला कळली होती : नऊशे रुपये 'रोजचे' मानले होते. पण जितकी नवी यंत्रे जगात सुरू होतील तितका प्रत्येकाचा वाटा घटणार, आणि भाव पडला तर तो वेगळाच. जानेवारी ते एप्रिल सरासरी साडेपाचशे-पावणेसहाशे, मेमध्ये पावणेचारशेच्या आसपास, जूनमध्ये दोनशे. वीजबिल तेवढेच, एकशे साठ.

आणि १५ सप्टेंबर २०२२ला दुपारी सव्वाबाराच्या सुमारास इथेरियमने कोडे सोडवण्याची पद्धतच बंद केली. आता पान लिहिण्याचा हक्क वीज जाळणाऱ्याला नव्हे, नाणी तारण ठेवणाऱ्याला. इथेरियमचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. पृथ्वीच्या दृष्टीने हे उत्तम झाले. माळ्यावरच्या यंत्राचे पंखे फिरत राहिले, पण त्यांना काम उरले नाही. हा बदल अचानक आलेला नव्हता. इथेरियमच्या कर्त्यांनी तो अनेक वर्षे आधीच जाहीर केला होता. वहीत मात्र तो नव्हता.

मग आम्ही तिघांनी बसून खरा हिशेब केला. एकूण विक्री दोन लाख बेचाळीस हजार. वीज सहासष्ट हजार. सुटे भाग विकून आले सत्तेचाळीस हजार, कारण त्याच आठवड्यात जगभरचे सगळे जण आपापली कार्डे विकायला बसले होते. म्हणजे दोन लाख पस्तीस हजार घातले आणि दोन लाख तेवीस हजार परत आले. वर कर. १ एप्रिल २०२२पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर उपकर लागू झाला. त्यात फक्त खरेदीची किंमत वजा करता येते. स्वतः पाडलेल्या नाण्याला खरेदी किंमत नाही आणि वीज किंवा यंत्राचा खर्च वजा होत नाही. एप्रिलनंतरच्या चोपन्न हजारांवर सुमारे सतरा हजार गेले. तोटा एकोणतीस हजार, जागरणे सोडून.

आज कोणी विद्यार्थी विचारतो, "सर, बिटकॉइनचे खास यंत्र घेतले तर?" तेव्हा मी फळ्यावर गणित मांडतो. एप्रिल २०२४पासून एका पानामागे ३.१२५ बिटकॉइन मिळतात. दिवसाला १४४ पाने, म्हणजे ४५० नाणी. सेकंदाला २०० टेराहॅश काढणारे, ३,५०० वॅटचे एक यंत्र घ्या. जगाची एकूण शक्ती ६०० एक्झाहॅश धरा. प्रत्यक्षात ती त्याहून वाढलेली आहे. तुमचा वाटा तीस लाखांत एक, म्हणजे दिवसाला ०.०००१५ बिटकॉइन. भाव पन्नास लाख धरला तर साडेसातशे रुपये. वीज ८४ युनिट. आठ रुपयांनी सहाशे बहात्तर. उरले अठ्ठ्याहत्तर. आणि कर अठ्ठ्याहत्तरवर नाही, साडेसातशेवर : दोनशे पंचवीस. भाव वाढला की हे बदलेल, असे मुले म्हणतात. बदलेल, पण मग जगात यंत्रेही वाढतील. आणि भाव वाढेल यावर विश्वास असेल तर यंत्र कशाला, असा प्रश्न वर्गातल्याच एका मुलीने विचारला. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. सुरतेत कूटचलन म्हटले की लोकांना बिटकनेक्ट आठवते. सुरतेच्या सतीश कुंभाणी यांनी स्थापलेली ही योजना यंत्रमानव व्यापार करून मोठा परतावा देतो असे सांगत असे. जानेवारी २०१८मध्ये तिची कर्ज-योजना बंद पडली आणि फेब्रुवारी २०२२मध्ये अमेरिकेत कुंभाणी यांच्यावर सुमारे २.४ अब्ज डॉलरच्या फसवणुकीचे आरोपपत्र दाखल झाले. माझ्या भाच्याचा तोटा त्या जातीचा नव्हता. त्याला कोणी फसवले नाही. यंत्र जे करते म्हणून सांगितले होते तेच त्याने केले. म्हणूनच तो तोटा समजायला अवघड गेला आणि ताई अजूनही विचारते की नेमके चुकले कोणाचे.

दाजींचे चार माग चालू आहेत. भाचा उधन्याला एका दुकानात संगणक दुरुस्त करतो. एसएमपीएसमध्ये त्याचा हात चांगला बसला आहे. माझ्या चाळीसपैकी तीस हजार त्याने फेडले. लाकडी फ्रेम गच्चीवर आहे. ताई तिच्यावर कापड पसरून कुरडया वाळवते.