घरचे चित्रकोठार

मराठी शिकविणाऱ्या माणसाने यंत्राच्या नादी लागू नये, असे आमच्या सौ.चे मत आहे आणि ते अगदीच चूक नाही. परंतु गेल्या वर्षी गणपतीआधी माळा आवरताना व्हीएचएसची एक कॅसेट हाती आली. वर वडिलांच्या अक्षरात 'गणपती १९९३' लिहिलेले. चाळीच्या नाटकात वडिलांनी काम केले होते, त्याचे ते चित्रण. वडिलांना जाऊन नऊ वर्षे झाली होती. आई म्हणाली, "अरे, माझ्या टीव्हीवर दिसेल का रे हे?"

एका दुकानदाराने कॅसेटची फाइल करून दिली. पेनड्राइव्ह टीव्हीला खोचून काम भागले असते. पण बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटीसकट सारे काही घरातल्या दोन्ही टीव्हींवर हवे तेव्हा दिसावे, असे माझ्या मनाने घेतले. त्यासाठी सर्व्हर लागतो. वाचकहो, घाबरू नका. कोठीची किल्ली कनवटीला लावून बसलेली आजी डोळ्यांपुढे आणा. जो जे मागेल ते काढून द्यायचे, एवढेच सर्व्हरचे काम.

अडगळीतल्या लॅपटॉपवर जेलीफिन नावाचा प्रोग्रॅम घातला. एम्बी या प्रोग्रॅमचा सोर्स कोड पूर्वी खुला होता. २०१८ साली तो बंद झाला, तेव्हा रुसलेल्या मंडळींनी जुन्या खुल्या कोडवर हे वेगळे बिऱ्हाड थाटले. ते फुकट आहे, हेही मास्तरांच्या दृष्टीने महत्त्वाचे!

त्याच्या अंगी आगाऊपणा मात्र फार. फाइलीच्या नावावरून चित्रपट ओळखून तो इंटरनेटवरून पोस्टर आणतो. मी फोल्डर 'चित्रपट' सदरात टाकले आणि आमच्या चाळीच्या नाटकाला कुठल्याशा परदेशी सिनेमाचे पोस्टर चिकटले. ते घरगुती व्हिडिओंच्या सदरात हलविले तेव्हा सुटलो.

खरी झुंज पुढेच होती. फाइल एमपेग-२ पद्धतीची. आईच्या टीव्हीला ती भाषा कळेना. मग सर्व्हर चालता चालता भाषांतर करू लागला. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. लॅपटॉप मुळातच अशक्त. पंखा घोंघावू लागला आणि वडील पावलागणिक थबकू लागले. भाषांतर उभ्याउभ्या करण्यापेक्षा आधी बसून करावे, हे मला धंद्याने ठाऊक. रात्री हँडब्रेक लावून फाइल एकदाच एच.२६४ मध्ये करून ठेवली. जुने टीव्ही सेकंदाला ५० अर्धी चित्रे दाखवीत, एकाआड एक रेघांची. आजच्या पडद्यावर ती तशीच जोडली, तर हलत्या हाताला कंगव्याचे दात फुटतात. तेही त्याच वेळी काढून घेतले. लॅपटॉप राउटरला केबलने जोडला आणि झोपायचे नाही, अशी त्याला तंबी दिली.

दसऱ्याच्या संध्याकाळी आई टीव्हीसमोर बसली. दुसऱ्या अंकात वडील वाक्य विसरले. क्षणभर शांतता, मग विंगेतून एका बाईचा दबका आवाज.

"मीच ती," आई म्हणाली. "प्रॉम्प्टिंगला मीच होते. जरा मागे घे रे."

चार वेळा मागे घेतले.

रात्री अंथरुणात आठवले, की डिस्क एकच आहे. सर्व्हर म्हणजे दुसरी प्रत नव्हे. डिस्क गेली की नाटक गेले, आणि कॅसेटला तर बुरशी लागलेली. दुसऱ्याच दिवशी नवी डिस्क आणली आणि एक प्रत नागपूरला बहिणीकडे पाठविली. आठवड्याने तिचा फोन आला :

"दादा, बाबा कुठल्या अंकात विसरतात रे?"