संचालकाची सही

अर्जुनी मोरगाव तालुक्यात मी बरीच वर्षं सेवा सहकारी सोसायट्यांचा गटसचिव होतो. प्रोसिडिंग बुक माझ्याकडे असायचं. सभा आटोपली की एकेक संचालक यायचा, "भाऊ, सही कुठं करू?" ठराव काय झाला हे विचारणारा एखादाच. संचालकपदाचा मान आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, जोखीम मात्र कुणी समजावून सांगत नाही. ती फार मोठी आहे.

कंपनीचा कायदा केंद्राचा, सहकारी संस्थेचा राज्याचा. ९७ व्या घटनादुरुस्तीतून केंद्राने या विषयात हात घातला होता. राज्यांतल्या संस्थांपुरता तो भाग सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी रद्द केला. म्हणजे आपल्या सोसायटीला लागतो तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. त्याचं कलम ७३ सांगतं की समितीच्या निर्णयांना आणि संस्थेला बाधक ठरणाऱ्या कृतींना सगळे संचालक सामुदायिक आणि व्यक्तिशः जबाबदार. कलम ८८ खाली नुकसान निश्चित झालं की ते व्याजासह संचालकाच्या खिशातून वसूल होऊ शकतं.

आपल्या जिल्ह्यात याचा कस लागतो तो धान खरेदीत. सोसायटी पणन महासंघासाठी किंवा आदिवासी विकास महामंडळासाठी धान घेते. ओलावा १७ टक्क्यांच्या आत हवा. बारदाना भरला, थप्पी लागली, पण भरडाईसाठी उचल लांबली की धान सुकतं आणि वजन घटतं. ही तूट निसर्गाची. कागदावर आलेलं आणि गोदामात कधीच न पोचलेलं धान, ती तूट माणसाची. कायदा दोन्हींत फरक करतो. जबाबदारी ठरवण्याआधी निबंधकाने दप्तर तपासून नुकसान संचालकांमुळे झालं की त्यांच्या आवाक्याबाहेरच्या कारणाने, हे ठरवायचं असतं. तिथे उपयोगी पडते ती रोजची काटापावती, ओलाव्याची नोंद आणि उचलीसाठी वेळोवेळी पाठवलेली पत्रं. ती फाइल नसेल तर प्रामाणिक माणूसही अडकतो.

एका सभेत ताडपत्री खरेदीचा ठराव आला, दरपत्रक एकच. एक संचालक बाई म्हणाल्या, "माझं नाव घालून लिहा, मला मान्य नाही." मी तसंच लिहिलं, खाली त्यांची सही घेतली. बाकीचे नाराज झाले. पण कलम ७३ नुसार ज्याचा विरोध इतिवृत्तात नोंदला आहे, त्याच्यावर त्या ठरावाची जबाबदारी येत नाही. गैरहजर राहिलेला आणि नंतर इतिवृत्त कायम न करणाराही सुटतो. हजर राहून गप्प बसणाऱ्याला मात्र ही सवलत नाही.

संचालकाने नीट समजून निर्णय घ्यावा, ही अपेक्षा इतर देशांतही आहे. अमेरिकेत कंपन्यांचा कायदा राज्यांचा असतो. तिथल्या डेलावेअर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ट्रान्स युनियन कंपनीच्या संचालकांना दोषी धरलं. सुमारे दोन तासांच्या बैठकीत, कागद न वाचता, त्यांनी कंपनी विकायला मंजुरी दिली होती. चोरीचा आरोप त्यांच्यावर नव्हता. माहिती न घेता निर्णय घेतला, हाच दोष होता.

सोसायटीवर निवडून आलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करू नका. ठराव पटला नाही तर विरोध त्याच सभेत लिहून घ्या, सात दिवसांच्या आत निबंधकांनाही लेखी कळवा आणि पत्राची पोच जपून ठेवा.