घरट्याला एक महिना द्या

शहरात आता पक्षी उरलेत कुठे, असे आपण सहज म्हणून जातो. पण बाल्कनीच्या ग्रिलमागे, मीटरच्या पेटीवर जरा नजर टाकली तर कोणीतरी तिथे संसार मांडलेला असतोच. कुंडीतल्या मोगऱ्यात बुलबुल वाटीसारखे घरटे विणतो. शिंपी पक्षी रुंद पानाच्या कडा कापसाने, कोळ्याच्या धाग्याने शिवून पिशवी करतो. वायरीला लोंबणारा काडीकचऱ्याचा गोळा दिसला तर तो झाडूने पाडण्याआधी बाजूला छोटे दार आहे का पाहा. ते शिंजीरचे घर असेल.

आम्ही वर्गात मुलांना सांगतो, पक्षी पाहायला दुर्बीण नसली तरी चालते, सब्र हवा. डॉ. सलीम अली १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला राहत होते. हातात नोकरी नव्हती. घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीवर ते तासन्‌तास नजर ठेवून बसत. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते, आणि ती आत बसली की नर दुसरे विणायला घेतो, हे त्यांनी असेच टिपले. आपल्या मुलांनीही वही करावी. पहिली काडी कधी आली, पिलांचा आवाज कधी ऐकू आला, एवढे लिहिले तरी पुरे.

हल्ली रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो, आणि तेव्हाच घरट्यांचा हंगाम सुरू होतो. ईदची साफसफाई, रंगकाम निघाले की पहिला झाडू घरट्यावर फिरतो. बुलबुलची अंडी साधारण चौदा दिवसांत फुटतात, पिले आणखी बाराएक दिवसांत उडतात. म्हणजे महिनाभरसुद्धा लागत नाही. सहाबांनी पिले उचलली तेव्हा तडफडणाऱ्या पक्षिणीला पाहून हुजूर (स.) यांनी ती परत ठेवायला लावली, ही हदीस आपण मुलांना सांगतोच.

दाणापाणी जरूर ठेवा. मात्र चिमणीची पिले किडे-अळ्यांवर वाढतात, म्हणून कुंड्यांवर औषध फवारू नका. घरट्याला हात लावू नका, फोटोसाठी मोबाइल आत घालू नका. आणि रंगाऱ्याला आधीच सांगून ठेवा, तेवढा कोपरा ईदनंतर रंगवू.