बर्फाच्या वाटेवरची कोंडी

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात डेन्व्हर शहरातून पश्चिमेला निघणारा आंतरराज्य महामार्ग क्रमांक ७० रॉकी पर्वत चढून स्कीइंगच्या गावांकडे जातो. लव्हलँड, कीस्टोन, ब्रेकनरिज, कॉपर माउंटन, व्हेल ही सारी ठिकाणे याच रस्त्यावर किंवा त्याच्या जवळपास आहेत. डेन्व्हर महानगरातल्या सुमारे ३० लाख लोकांना तिथे मोटारीने जायचे तर दुसरा सोयीचा रस्ता नाही. डेन्व्हर ते व्हेल हे अंतर सुमारे १६० किलोमीटर. रस्ता मोकळा असला तर पावणेदोन तासांचा प्रवास. हिवाळ्यातल्या शनिवारी सकाळी मात्र हाच प्रवास दुपटीने, कधी तिपटीने लांबतो. रविवारी दुपारनंतर परतीच्या दिशेलाही तीच गत होते.

हा महामार्ग मुळात इथून जायचाच नव्हता. १९५६च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभारायचे ठरले, तेव्हा ७० क्रमांकाचा रस्ता डेन्व्हरला संपणार होता. पुढे डोंगर आहेत आणि ते ओलांडणे फार खर्चाचे, असे नियोजनकारांचे मत होते. राज्याने आग्रह धरला आणि १९५७ मध्ये रस्ता पश्चिमेला वाढवण्याचा निर्णय झाला. खंडाचा मुख्य जलविभाजक ओलांडण्यासाठी सुमारे २.७ किलोमीटर लांबीचा आयझेनहॉवर बोगदा खोदावा लागला. समुद्रसपाटीपासून जवळपास ३,४०० मीटर उंचीवरचा हा बोगदा मार्च १९७३ मध्ये खुला झाला. आधी त्याच्या एकाच नळीतून दोन्ही दिशांची वाहने जात. पूर्वेकडे येणाऱ्या वाहनांसाठी शेजारची जॉन्सन नळी डिसेंबर १९७९ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून आजवर इथे प्रत्येक दिशेला दोनच मार्गिका आहेत.

याच काळात बाकी सारे वाढत गेले. ब्रेकनरिज १९६१ मध्ये, व्हेल १९६२ मध्ये, कीस्टोन १९७० मध्ये, तर कॉपर माउंटन १९७२ मध्ये सुरू झाले. १९६० मध्ये राज्याची लोकसंख्या साडेसतरा लाखांच्या आसपास होती. २०२० मध्ये ती ५७ लाखांवर गेली. आज गर्दीच्या दिवशी बोगद्यातून दोन्ही दिशा मिळून ५० हजारांहून अधिक वाहने जातात. रस्ता रुंद करायला जागा कुठे आहे, हा पहिलाच प्रश्न पडतो. डेन्व्हर सोडल्यावर महामार्ग क्लिअर क्रीक या ओढ्याच्या अरुंद दरीत शिरतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि उरलेल्या पट्टीत १८५९ च्या सोन्याच्या शोधानंतर वसलेली आयडाहो स्प्रिंग्जसारखी जुनी गावे. तिथे आणखी एक मार्गिका काढायची म्हणजे कडा फोडायचा, ओढा सरकवायचा किंवा गावाचा तुकडा घ्यायचा.

सपाट, कोरड्या आणि सरळ द्रुतगती रस्त्यावर एका मार्गिकेतून तासाला साधारण २,००० ते २,४०० मोटारी जाऊ शकतात. ही मर्यादा चालकांनी पुढच्या गाडीपासून राखलेल्या अंतरामुळे पडते. वेग वाढला की हे अंतरही वाढते, म्हणून वेग दुप्पट केल्याने रस्त्याची क्षमता दुप्पट होत नाही. वेग आणि गाड्यांची दाटी यांचे नाते ब्रूस ग्रीनशील्ड्स या अमेरिकन अभियंत्याने १९३०च्या दशकात रस्त्यावरच्या गाड्यांची छायाचित्रे घेऊन मोजले. त्यातून निघालेला निष्कर्ष आजही वाहतूकशास्त्राचा पाया आहे: दाटी एका मर्यादेपर्यंत वाढते तोवर रस्ता जास्त गाड्या पुढे पाठवतो, ती मर्यादा ओलांडली की रस्त्यावर गाड्या जास्त दिसतात, पण तासाला पुढे सरकणाऱ्या गाड्या कमी होतात. एकदा कोंडी झाली की त्या अरुंद जागेची क्षमता आणखी पाच ते पंधरा टक्क्यांनी घटते, कारण थांबलेला चालक पुन्हा वेग घेताना थोडा उशीर करतो. ऐन गरजेच्या वेळी रस्ता आपली ताकद गमावतो.

अपघात नाही, अडथळा नाही, तरी गाड्या का थांबतात? जेम्स लाइटहिल आणि जेराल्ड व्हिटहॅम या ब्रिटिश गणितज्ञांनी १९५५ मध्ये लांब, गर्दीच्या रस्त्यावरची वाहतूक प्रवाहासारखी मानून तिची समीकरणे मांडली. गाड्या पुढे जात असल्या तरी दाटीची लाट मागे सरकू शकते, हे त्यातून दिसले. जपानमध्ये युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३० मीटरच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी सारख्या वेगाने चालवायला सांगितल्या. २००८ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. कुठलाही अडथळा नसताना थोड्या वेळात काही गाड्या थांबू लागल्या आणि थांबण्याची ही लाट ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे मागे फिरत राहिली. एकाने किंचित ब्रेक दाबला, मागच्याने जरा जास्त, त्याच्या मागच्याने त्याहून जास्त, एवढेच तिचे कारण.

डोंगरातल्या रस्त्यावर असा पहिला ब्रेक दाबायला लावणाऱ्या जागा पावलोपावली असतात. रविवारी परतताना सिल्व्हरथॉर्न गावापासून बोगद्यापर्यंत सुमारे १३ किलोमीटरांत साडेसहाशे मीटरहून अधिक चढण आहे. खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना ट्रकमागे कशी रांग लागते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. इथे भर पडते ती विरळ हवेची. ३,४०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी असते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच घटते. भरलेला ट्रक चढणीवर कित्येक मोटारींची जागा अडवतो, आणि एका ट्रकने दुसऱ्याला ओलांडायला घेतले की दोन्ही मार्गिका त्याच्या गतीला येतात. उजेडातून बोगद्याच्या अंधारात शिरताना चालक नकळत वेग कमी करतो. पश्चिमेला जाताना फ्लॉइड हिल इथे तीन मार्गिकांच्या दोन होतात.

त्यात बर्फ पडला की हिशेबच बदलतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीला ब्रेक लागल्यापासून थांबायला कोरड्या डांबरावर सुमारे ३६ मीटर लागतात. दाबल्या गेलेल्या बर्फावर घर्षण साडेतीन पटींनी कमी धरले तर हेच अंतर सुमारे १२५ मीटर होते. शहाणा चालक वेग कमी करतो, अंतर वाढवतो, आणि जोराच्या हिमवृष्टीत रस्त्याची क्षमता एक पंचमांश ते एक चतुर्थांश घटते. दुर्दैव असे की ताज्या बर्फाची बातमी कळली की त्याच दिवशी सर्वाधिक लोक घराबाहेर पडतात. गुळगुळीत टायरची एखादी मोटार चढणीवर आडवी झाली की तिच्यामागे हजारो लोक अडकतात. म्हणून २०१९ च्या कायद्यानुसार मॉरिसन ते डॉटसेरो या टप्प्यात सप्टेंबर ते मे या काळात टायरवर पुरेशी खाच असणे किंवा साखळ्या जवळ असणे सक्तीचे केले आहे. हा नियम छोटा वाटतो, पण कोंडीवर याहून स्वस्त उपाय सापडणे कठीण. बोगद्यापुढे रांग वाढू लागली की वाहने काही काळ बाहेरच रोखली जातात. ३,४०० मीटर उंचीवर बंद नळीत थांबलेल्या शेकडो गाड्या आणि त्यात आग, हा धोका पत्करता येत नाही.

मात्र या कोंडीचे मूळ रस्त्यापेक्षा घड्याळात जास्त आहे. स्कीइंगच्या लिफ्ट सकाळी साडेआठ-नऊला सुरू होतात आणि दुपारी चारच्या सुमारास बंद होतात. सगळ्यांना एकाच वेळी पोहोचायचे असते आणि एकाच वेळी निघायचे असते. मंगळवारी हाच रस्ता निवांत असतो.

एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेला हिशेब पाहावा. समजा, रविवारी बोगद्यातून तासाला २,८०० वाहने जाऊ शकतात आणि दुपारी दोन ते सहा या वेळेत तासाला ३,४०० येतात. दर तासाला ६०० शिल्लक राहतात. सहा वाजता रांगेत २,४०० वाहने उभी असतात. दोन मार्गिकांत ही रांग सुमारे १७ किलोमीटर लांब जाते आणि शेवटच्या गाडीला ५१ मिनिटे जास्त लागतात. सहानंतर तासाला २,००० वाहने येऊ लागली तरी रांग संपायला नऊ वाजतात. आता येणारी वाहने फक्त दहा टक्क्यांनी कमी करून तासाला ३,०६० धरली, तर सहा वाजता रांगेत १,०४० वाहने असतात आणि विलंब २२ मिनिटांवर येतो, म्हणजे निम्म्याहून कमी. वाहने १८ टक्क्यांनी घटली तर रांगच लागत नाही. मोकळा रस्ता आणि १७ किलोमीटरची रांग यांच्यातला फरक पाच-सहा वाहनांमागे एका वाहनाचा आहे. ही गोष्ट धोरण ठरवणाऱ्यांच्या गळी फार उशिरा उतरते.

रुंदीकरणाचा मार्ग साहजिकच आधी सुचतो. आयडाहो स्प्रिंग्जजवळचे जुळे बोगदे २०१३ आणि २०१४ मध्ये रुंद केले गेले. डिसेंबर २०१५ मध्ये पूर्वेकडच्या दिशेला २१ किलोमीटर लांब कडेची पट्टी गर्दीच्या वेळी टोल घेऊन मार्गिका म्हणून खुली करण्यात आली. २०२१ मध्ये पश्चिमेच्या दिशेलाही तशी सोय झाली. फ्लॉइड हिल इथल्या मोठ्या कामाला २०२३ मध्ये सुरुवात झाली. या कामांचा उपयोग होतो, पण रुंदीकरणाला एक मर्यादा आहे. जिल्स ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकन शहरांचा अभ्यास करून २०११ मध्ये दाखवले की महामार्गांच्या मार्गिकांची एकूण लांबी जितक्या प्रमाणात वाढते, जवळपास तितक्याच प्रमाणात वाहनांचा प्रवासही वाढतो. कोंडीला कंटाळून घरी बसलेले लोक रस्ता मोकळा दिसताच बाहेर पडतात. शिवाय एक अरुंद जागा रुंद केली की रांग पुढच्या अरुंद जागेपाशी सरकते, आणि इथे ती जागा म्हणजे बोगदा.

वेळेनुसार बदलणाऱ्या टोलमागचा विचार विल्यम विकरी यांचा. त्यांना १९९६ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सोयीच्या वेळेसाठी लोक एरवी रांगेत आयुष्यातला वेळ मोजतात, आणि तो वेळ कुणाच्याच उपयोगी पडत नाही; त्याऐवजी गर्दीच्या तासाला पैसे आकारले तर काही जण आपली वेळ बदलतील आणि रांग विरेल, असे त्यांनी १९६९ मध्ये गणिताने दाखवले. तर्क बिनतोड आहे. पण पैसेवाल्यांनी पुढे निघून जायचे आणि बाकीच्यांनी बघत राहायचे, असे त्याचे रूप होऊ नये. टोलचे उत्पन्न बससेवेत घातले तरच तो न्याय्य ठरतो. ज्यांच्या गावातून हा महामार्ग जातो आणि ज्यांची रुग्णवाहिका रविवारी याच रांगेत शिरते, त्यांचा या हिशेबावर पहिला हक्क आहे.

इतर ठिकाणी कोंडीचे घड्याळ वेगळे आहे. फ्रान्सच्या आल्प्समध्ये घरे आणि खोल्या शनिवार ते शनिवार भाड्याने देण्याची प्रथा आहे. त्यामुळे आठवड्याचे पाहुणे एकाच दिवशी जातात आणि येतात. १९९२ च्या आल्बेरव्हिल हिवाळी ऑलिंपिकसाठी तिथले रस्ते सुधारले, तरी २७ डिसेंबर २०१४ रोजी बर्फ आणि सुट्टीची गर्दी एकत्र आली आणि साव्हुआ भागात सुमारे १५ हजार लोक अडकले. शाळांच्या हिवाळी सुट्ट्या देशाचे तीन विभाग करून वेगवेगळ्या आठवड्यांत देण्याची फ्रान्सची पद्धत इथे मोठी उपयोगी पडते. अमेरिकेतल्याच युटा राज्यात लिटल कॉटनवुड दरीतल्या एकुलत्या रस्त्यावर हिमस्खलनाचे डझनावारी मार्ग उतरतात. तिथल्या आल्टा केंद्राने गर्दीच्या दिवसांसाठी वाहनतळाची जागा आधी राखून ठेवण्याचा नियम केला. जागा नक्की असली की पहाटे धावत सुटण्याचे कारण उरत नाही. त्याच दरीत रज्जुमार्ग बांधण्याचा सरकारी निर्णय २०२३ मध्ये झाला आणि त्यावर वाद पेटला आहे.

रेल्वेचे उत्तर सर्वांत सरळ आहे. स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटमध्ये पाहुण्यांच्या मोटारींना प्रवेशच नाही. त्या टेश गावात ठेवून शेवटचा टप्पा १८९१ पासून चालणाऱ्या रेल्वेने जायचे. जपानमध्ये गाला युझावा हे केंद्र १९९० मध्ये थेट शिंकान्सेनच्या स्थानकाला जोडूनच उभारले. तोक्योहून निघालेला माणूस दीड तासाच्या आत बर्फावर असतो. त्याच दिशेच्या कानएत्सू द्रुतगती मार्गावर डिसेंबर २०२० मध्ये हिमवृष्टीत सुमारे २,१०० वाहने अडकली होती.

कोलोराडोतही रेल्वे आहे. १९२८ मध्ये खुल्या झालेल्या सुमारे १० किलोमीटरच्या मोफॅट बोगद्यातून ती विंटर पार्क या स्कीइंगच्या केंद्रापाशी निघते. १९४० पासून २००९ पर्यंत धावलेली स्की-गाडी २०१७ मध्ये नव्या नावाने परत आली. पण हा लोहमार्ग व्हेल किंवा ब्रेकनरिजला जात नाही. महामार्गाच्या बाजूने वेगवान गाडी चालवता येईल का, याचा अभ्यास राज्याने केला. तंत्र शक्य ठरले, पैसा मिळाला नाही. डिसेंबर २०१९ पासून राज्याने डेन्व्हरहून स्कीइंगच्या केंद्रांसाठी आठवडाअखेरच्या बस सुरू केल्या. वर मांडलेल्या हिशेबात दहा टक्के घट म्हणजे तासाला ३४० मोटारी. एका मोटारीत सरासरी दोन माणसे धरली तर ती ६८० माणसे होतात. ५० आसनांच्या १४ बसमध्ये ती मावतात. रविवारी दुपारचे चार तास साधारण दर चार मिनिटांना एक बस सुटली की पुरे.